अर्ध्या भिंगाची पूर्ण प्रतिमा

प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून घेतलेल्या असतात. टेबलावर मीटरभर लांबीचा ऑप्टिकल बेंच, त्याच्या एका टोकाला पेटलेली मेणबत्ती, मधे स्टँडवर बहिर्वक्र भिंग आणि पलीकडे पांढऱ्या पुठ्ठ्याचा पडदा. पडदा पुढे-मागे सरकवताना त्यावरचा पिवळट ढग हळूहळू आकसत जातो आणि एका जागी अचानक ज्योत उमटते. उलटी, पण अगदी ज्योतच. तिची वात दिसते, बुडाशी असलेला निळा भाग दिसतो. वाऱ्याने खरी ज्योत एका बाजूला झुकली की पडद्यावरची विरुद्ध बाजूला झुकते. इतकी वर्षं हा प्रयोग करून घेतला, तरी ती ज्योत उमटण्याचा क्षण मला अजून नवा वाटतो.

मुलं अंतरं मोजतात, तक्ता भरतात, नाभीय अंतर काढतात. ते झालं की मी एक पोस्टकार्ड हातात घेतो आणि विचारतो, "भिंगाचा वरचा अर्धा भाग या कार्डाने झाकला, तर पडद्यावर काय दिसेल?"

बहुतेकांचं उत्तर तयार असतं: अर्धी ज्योत. कुणी सांगतं वरचा भाग जाईल, कुणी सांगतं प्रतिमा उलटी आहे म्हणजे खालचा जाईल. वाद होतो तो कुठला अर्धा जाईल यावर. अर्धा जाणार, याबद्दल कुणाला शंका नसते. मग मी कार्ड भिंगाला टेकवून धरतो. पडद्यावर ज्योत पूर्ण असते. टोकापासून वातीपर्यंत सगळी, आधी होती तेवढीच मोठी, त्याच जागी, तितकीच रेखीव. फक्त थोडी मंद झालेली.

ही काही आपल्याच मुलांची अडचण नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात फ्रेड गोल्डबर्ग आणि लिलियन मॅकडरमट या दोन संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हाच प्रयोग दाखवून असेच प्रश्न विचारले होते. भिंग काढून घेतलं तर काय होईल? अर्धं झाकलं तर? पडदा काढला तर? भौतिकशास्त्राचा हा भाग शिकून झालेल्यांपैकीही अनेकांची उत्तरं चुकली. त्यांचा शोधनिबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि विज्ञान शिकवणाऱ्यांमध्ये तो आजही वाचला जातो. सूत्र पाठ असणं आणि प्रतिमा कशी तयार होते ते समजणं, या दोन गोष्टींमध्ये केवढी दरी असू शकते हे त्यातून उघड झालं.

या चुकीचं मूळ आपल्या आकृत्यांमध्ये आहे, असं माझं ठाम मत आहे. दहावीच्या पुस्तकात किरणाकृती काढायला शिकवतात ती अशी: वस्तू म्हणजे एक उभा बाण. बाणाच्या टोकापासून एक किरण मुख्य अक्षाला समांतर काढायचा, तो भिंगातून गेल्यावर नाभीतून जातो. दुसरा प्रकाशीय केंद्रातून, तो सरळ जातो. तिसरा अलीकडच्या नाभीतून, तो पलीकडे अक्षाला समांतर होतो. तिघे जिथे भेटतात तिथे बाणाच्या टोकाची प्रतिमा. आकृती बरोबर आहे, गुणही पूर्ण मिळतात. पण वर्षानुवर्षं तीच आकृती काढून मनात असं बसतं की प्रतिमा हे तीन किरणच घडवतात. मग कार्डाने त्यातला एक अडला की प्रतिमेचा तुकडा पडणार, हे ओघानेच आलं.

प्रकाशाला या तीन किरणांचं काही विशेष नाही. ते आपण निवडले, कारण त्यांच्या वाटा पट्टीने काढता येतात. ज्योतीच्या टोकावरच्या एकाच बिंदूपासून प्रकाश सगळ्या दिशांना निघालेला असतो. त्यातला जेवढा भिंगाच्या वाटेत येतो, तो एका शंकूसारखा भिंगाच्या पूर्ण पृष्ठभागावर पडतो: मधोमध, काठाला, वर, खाली, सगळीकडे. भिंग हा अख्खा शंकू वळवून पलीकडे पुन्हा एका बिंदूत आणून सोडतं. वातीच्या बिंदूपासून निघालेला दुसरा शंकूही त्याच भिंगावर सगळीकडे पडतो आणि पलीकडे वेगळ्या बिंदूत मिटतो. म्हणजे भिंगाच्या प्रत्येक कणाकणातून ज्योतीच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश जात असतो. अर्धं भिंग झाकलं की प्रत्येक शंकू निम्मा होतो, पण एकही शंकू नाहीसा होत नाही. म्हणून प्रतिमेचा तुकडा पडत नाही, प्रकाश कमी होतो.

वस्तूचा प्रत्येक बिंदू सगळीकडे प्रकाश पाठवतो, हा विचार अकराव्या शतकात इब्न अल-हैथम याने आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात नीट मांडला होता. भिंगापर्यंत तो पोचवला योहान्स केप्लरने, १६०४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात. त्याच पुस्तकात त्याने केलेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात प्रकाशच नाही, दोरा आहे. केप्लरने एक पुस्तक उंचावर ठेवलं. पुस्तक आणि जमीन यांच्यामध्ये एक फळी धरली, तिला कोनाकोनाचं छिद्र. पुस्तकाच्या एका कोपऱ्याला दोरा बांधून तो छिद्रातून खाली ताणला आणि छिद्राच्या काठाकाठाने फिरवत जमिनीवर खुणा केल्या. जमिनीवर छिद्राचा आकार उमटला. मग दुसऱ्या कोपऱ्यापासून, मग कडेच्या आणखी एका बिंदूपासून, तेच. छिद्राचे असे कितीतरी आकार एकमेकांवर थोडे थोडे सरकून पडले, आणि त्या सगळ्यांचा मिळून जो ठसा झाला तो पुस्तकाच्या आकाराचा होता.

आता छिद्राच्या जागी उघडी चौकट समजा आणि दोऱ्याच्या जागी प्रकाश. मेणबत्तीसमोर नुसता पडदा धरला तर ज्योतीच्या प्रत्येक बिंदूचा ठसा पडद्यावर पडतोच, पण तो इतका मोठा असतो की सगळे ठसे एकमेकांत मिसळून फक्त उजेड उरतो. छिद्र बारीक केलं की ठसे लहान होतात आणि पुसट चित्र दिसू लागतं. आंब्याच्या झाडाखाली उन्हाचे गोल कवडसे पडतात ते याचमुळे, आणि खंडग्रास ग्रहणाच्या वेळी तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. भिंगाने केलेली करामत अशी की छिद्र मोठं ठेवूनही प्रत्येक ठसा मिटून बिंदूएवढा होतो. भरपूर प्रकाश आणि रेखीव चित्र, दोन्ही एकदम मिळतं. भिंग काढून घेतलं तर प्रतिमा सुलटी होईल, असं अनेक मुलं सांगतात. भिंग काढल्यावर प्रतिमा उरतच नाही, कारण ते ठसे मिटवणारं कुणी उरत नाही.

पण भिंगाला हे जमतं कसं? युरोपीय भाषांतला 'लेन्स' हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ मसूर. आपण ज्या मसुराची आमटी करतो त्याचं शास्त्रीय नावही लेन्स क्युलिनारिस असंच आहे. अख्खा मसूर चिमटीत धरून बघा: मध्ये फुगीर, काठाला पातळ. या आकारातच उत्तर आहे. हवेत प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, साध्या काचेत साधारण दोन लाख. ज्योतीच्या टोकापासून प्रतिमेच्या बिंदूपर्यंत भिंगाच्या मध्यातून जाणारी वाट सर्वांत आखूड, पण तिच्यात जाड काच आडवी येते. काठावरून जाणारी वाट वळशाची, पण तिथे काच पातळ. एका वाटेचा वेळ काचेत जातो, दुसरीचा वळशात. भिंगाचा फुगवटा असा असतो की प्रतिमेच्या बिंदूपाशी सगळ्या वाटांनी आलेला प्रकाश बरोबर एकाच वेळी पोचतो. हजारो वारकऱ्यांनी वेगवेगळ्या वाटांनी निघून एकाच क्षणी चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवावा, तसं. त्यातल्या निम्म्या वाटा बंद केल्या तरी उरलेले तिथेच आणि त्याच क्षणी पोचतात.

(गोलाकार पृष्ठभागाच्या साध्या भिंगात हे तंतोतंत जमत नाही. काठाचे किरण किंचित अलीकडे मिळतात आणि निळा रंग तांबड्यापेक्षा जरा जास्त वळतो. प्रतिमेच्या कडेला रंगीत झालर दिसते ती त्यामुळे. भिंगाचा काठ झाकून फक्त मध्य उघडा ठेवला तर प्रतिमा अंधूक होते, पण अधिक रेखीव.)

आता थोडे आकडे, कारण बेंचवर खरी गंमत मेणबत्ती सरकवण्यात आहे. समजा भिंगाचं नाभीय अंतर १० सेंटिमीटर आहे. मेणबत्ती ३० सेंटिमीटरवर ठेवली तर प्रतिमा १५ सेंटिमीटरवर मिळते, वस्तूच्या निम्मी. मेणबत्ती २० वर आणली तर प्रतिमाही २० वर, अगदी वस्तूएवढी. १५ वर आणली तर प्रतिमा ३० वर जाते आणि दुप्पट होते. १२ वर आणली की ६० वर, पाचपट. ११ वर आणली की एकदम ११० वर, दहापट. पडदा बेंच सोडून भिंतीकडे न्यावा लागतो. मेणबत्ती एक सेंटिमीटरच सरकली, पण प्रतिमा अर्धा मीटर पळाली. आणि बरोबर १० वर आणली की शंकू मिटतच नाहीत, किरण समांतर निघून जातात. प्रतिमा अनंत अंतरावर, असं पुस्तकात लिहितात ते हेच.

या आकड्यांत एक जोडी पुन्हा पाहा: ३० ला १५ आणि १५ ला ३०. प्रकाशाची वाट उलट्या दिशेनेही तीच असते, म्हणून वस्तू आणि प्रतिमा यांच्या जागांची अदलाबदल होऊ शकते. मेणबत्ती आणि पडदा एकमेकांपासून ४५ सेंटिमीटरवर पक्के ठेवा आणि फक्त भिंग सरकवा. मेणबत्तीपासून १५ वर एकदा मोठी ज्योत उमटेल, आणि आणखी १५ सेंटिमीटर पुढे गेल्यावर दुसऱ्यांदा, लहान. हे अंतर कमी करत नेलं तर दोन्ही जागा जवळ येत जातात आणि ४० सेंटिमीटरला, म्हणजे नाभीय अंतराच्या चौपटीला, एक होतात. त्याहून कमी अंतरात भिंग कुठेही ठेवा, प्रतिमा मिळत नाही. एखादा गट वीस मिनिटं भिंग सरकवत बसलेला असतो आणि काहीच मिळत नसतं, तेव्हा मी आधी मेणबत्ती आणि पडदा यांच्यातलं अंतर बघतो.

भिंग दोन जागी ठेवून नाभीय अंतर काढण्याच्या या पद्धतीला बेसेलचं नाव आहे. फ्रीडरिक बेसेल हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ. आणि अर्ध्या भिंगाच्या प्रश्नाचं सर्वांत देखणं उत्तरही त्याच्याच वेधशाळेत होतं.

बेसेलला ताऱ्याचं अंतर मोजायचं होतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत वर्षभरात किंचित हलल्यासारखा दिसायला हवा. या हलण्याला पराशय म्हणतात. हातातला अंगठा एकदा डाव्या आणि एकदा उजव्या डोळ्याने बघितला की मागच्या भिंतीवर तो सरकलेला दिसतो, तसंच. पण तारे इतके दूर आहेत की हे सरकणं दोनशे वर्षं कुणालाही खात्रीने मोजता आलं नव्हतं. क्योनिग्झबर्गच्या वेधशाळेत बेसेलकडे म्युनिकच्या फ्राउनहोफरच्या कारखान्यात बनलेलं हेलिओमीटर नावाचं यंत्र होतं. ते १८२९ साली तिथे बसवलं गेलं, तोवर फ्राउनहोफर हयात नव्हता. या दुर्बिणीचं पुढचं भिंग सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाचं होतं आणि ते मधोमध कापून त्याचे दोन अर्धे भाग केलेले होते.

इतक्या कष्टाने घासलेलं भिंग कापायचं, म्हणजे कापणाऱ्याला आपलं शास्त्र पक्कं ठाऊक हवं. प्रत्येक अर्धा भाग आकाशाची पूर्ण प्रतिमा तयार करतो. दोन्ही भाग जुळलेले असले की दोन्ही प्रतिमा एकावर एक बसतात आणि एकच आकाश दिसतं. स्क्रू फिरवून एक भाग कापलेल्या रेषेवरून सरकवला की प्रत्येक ताऱ्याच्या दोन प्रतिमा होतात. मग एका अर्ध्यातून दिसणारा हा तारा आणि दुसऱ्या अर्ध्यातून दिसणारा शेजारचा तारा यांची बरोबर गाठ घालून द्यायची आणि स्क्रू किती फिरला ते वाचायचं. दोन ताऱ्यांमधला कोन हाती येतो. बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्यावर महिनोन्‌महिने अशी मोजमापं घेतली आणि १८३८ साली निष्कर्ष जाहीर केला: पराशय ०.३१४ कोनीय सेकंद. साडेसहा किलोमीटरवर ठेवलेली एक सेंटिमीटरची वस्तू आपल्या डोळ्याशी जेवढा कोन करेल, जवळजवळ तेवढा. त्यावरून ताऱ्याचं अंतर सुमारे १० प्रकाशवर्षं आलं. आजच्या मोजणीनुसार ते ११.४ आहे. ताऱ्याचं भरवशाचं असं पहिलं प्रसिद्ध झालेलं अंतर हेच, आणि ते कापलेल्या भिंगातून मोजलं गेलं.

आता तिसरा प्रश्न: पडदा काढून घेतला तर? प्रतिमा नाहीशी होते, असंच वाटतं. होत नाही. किरण त्याच जागी येऊन मिळतात आणि मिळून पुढे निघून जातात. पडदा फक्त त्यांना अडवून चहूकडे उधळतो, म्हणून खोलीतल्या कुणालाही प्रतिमा दिसते. पडदा नसेल तर किरण जिकडे चालले आहेत तिकडे आपण जावं लागतं. पडद्याच्या जागेमागे हातभर अंतरावर, भिंगाच्या रेषेत डोळा आणा: हवेत तरंगणारी उलटी ज्योत दिसेल. ती हवेत आहे हे पटवण्यासाठी प्रयोगशाळेत टाचणी वापरतात. प्रतिमेच्या अंदाजाने टाचणी उभी करायची आणि डोकं डावीकडे-उजवीकडे हलवायचं. टाचणी आणि प्रतिमा एकमेकींपासून सरकत असतील तर दोघी वेगवेगळ्या अंतरावर आहेत. सरकेनाशा झाल्या, एकत्रच हलू लागल्या, की टाचणी प्रतिमेच्या जागी आली. बेसेलने ताऱ्यावर वापरलेला तोच पराशय, टेबलावर. भिंगांच्या दुर्बिणीत पडदा नसतोच. पुढच्या भिंगाने नळीतल्या हवेत उभी केलेली प्रतिमा आपण डोळ्याजवळच्या दुसऱ्या भिंगातून मोठी करून पाहतो.

इथे जाणकार वाचक एक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. भिंग कागदाजवळ धरून वर्तमानपत्र वाचताना भिंगाचा अर्धा भाग बोटांनी झाकला, तर अक्षरं खरोखरच दिसेनाशी होतात. मग वर सांगितलेलं खोटं का? नाही. वाचताना पडद्याचं काम डोळा करतो, आणि बाहुली जेमतेम काही मिलिमीटरची असते. एका अक्षराकडून निघालेल्या मोठ्या शंकूतली एक बारीक सुईएवढी धारच बाहुलीत शिरते, आणि ती भिंगाच्या छोट्याशा ठिकाणातून आलेली असते. ते ठिकाण झाकलं की ते अक्षर गेलं. पडद्यावरच्या प्रतिमेत मात्र प्रत्येक बिंदूला अख्ख्या भिंगातून प्रकाश मिळतो. कार्डही भिंगाला लागून धरायला हवं. मेणबत्तीजवळ किंवा पडद्याजवळ नेलं तर ते काही शंकू पूर्णच अडवतं आणि प्रतिमेचा तुकडा खरोखर जातो.

हा फरक रोजच्या आयुष्यात कामाला येतो. कॅमेऱ्याच्या पुढच्या भिंगावर धुळीचा कण बसला तर फोटोत तो दिसत नाही, पण सेन्सरवर बसला तर प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग उमटतो. डोळ्याचंही तेच. मोतीबिंदू भिंगात होतो, आणि तिथे डाग धरला तरी समोरच्या दृश्याचा एखादा तुकडा गायब होत नाही. सगळंच धूसर होत जातं, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती उजेडाचा पसारा दिसतो. दृष्टिपटलाला इजा झाली तर मात्र दृश्यात ठरावीक जागी पोकळी पडते. तक्रार ऐकतानाच डॉक्टरांना दोष भिंगात असावा की पडद्यात, याचा पहिला अंदाज येऊ शकतो.

लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळला नाही असा माणूस विरळा. कागदावरचा तो जळता ठिपका म्हणजे बिंदू नसतो, ती सूर्याची प्रतिमा असते. सूर्य आकाशात साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून १० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाखाली ठिपका एक मिलिमीटरपेक्षा किंचित लहान पडतो. अर्धं भिंग झाकलं तर ठिपका तेवढाच राहतो, कागद पेटायला वेळ जास्त लागतो. (भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही, क्षणभरही पाहू नये.)

प्रयोग करून घेणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तक्ता भरून झाल्यावर पाच मिनिटं पोस्टकार्डासाठी ठेवा, आणि कार्ड लावण्याआधी प्रत्येक मुलाकडून आपला अंदाज जर्नलमध्ये लिहून घ्या. घरी वाचणाऱ्यांना ऑप्टिकल बेंचचीही गरज नाही. आज रात्री ट्यूबलाइटखाली टेबलावर पांढरा कागद ठेवा, भिंग वर-खाली करून कागदावर ट्यूबची प्रतिमा रेखीव करा, आणि तुमच्या घरातल्या सर्वांत लहान माणसाला भिंगाचा अर्धा भाग झाकायला सांगा.